शेवटच्या बांधीतली हजेरी

दिघोरीपासून चार किलोमीटरवर चिचटोला नावाचं गाव आहे. तिथं जाऊन कोणालाही विचारा, “सत्यभामाबाईचं घर कोणतं हो?” समोरचा माणूस डोकं खाजवेल, बाजूच्याला विचारेल, बाजूचा तिसऱ्याला हाक मारेल, आणि मग तिघं मिळून छातीठोकपणे सांगतील की अशी कोणी बाई आमच्या गावात नाहीच. त्या तिघांत तिचा सख्खा दीर असला तरी उत्तर हेच. पण नुसतं ‘पवनीवाली’ म्हणा, की गावातलं कोणतंही पोर तुम्हाला थेट तिच्या दारात नेऊन सोडेल.

या भागातली रीतच तशी. पोरगी लग्न होऊन आली की तिचं नाव लग्नाच्या मांडवातच राहतं आणि सासरी येतं ते तिचं गाव. पवनीची ती पवनीवाली, साकोलीची ती साकोलीवाली. एकाच गावाहून दोघी आल्या तर मोठी साकोलीवाली आणि लहानी साकोलीवाली. पुढं लहानीला नातवंडं होतात, तरी ती लहानीच. एकदा तर चिचटोल्याची मासळवाली तपासणीच्या शिबिरात सकाळपासून बसली, दुपारी परत आली आणि म्हणाली, “आज माहा नंबरच नाई लागला बाई.” नंबर लागला होता, तीनदा पुकारलाही होता. पण तो कोण्या ‘शेवंता’चा होता, आणि त्या नावाशी आपला काही संबंध आहे हे तिला रात्री भाकर खाताना आठवलं.

तर ही पवनीवाली. वय छप्पन्न, शिक्षण चौथी, तेही पहिल्या नंबरानं. वर्गात सातच जण होते, पण पहिला तो पहिला. अंगानं बारीक, आवाज मात्र तलावाच्या या पारेवरून त्या पारेवर जाईल असा. चिचटोल्यात रोवणा करणाऱ्या बावीस बायांची टोळी आहे, तिची ही म्होरकी. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यात, ओळीनं वाकायचं आणि मागं मागं सरकत रोवत जायचं. दिवसभर मागं सरकत चालायचं आणि तरी संध्याकाळी काम पुढं गेलेलं असायचं, असा हा एकच धंदा. पवनीवाली धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून बांधीकडं एकदा बघायची आणि सांगायची, “एकशे चाळीस पेंढ्या, जेवनाआंधी मोकळ्या.” एकशे अडतीस लागायच्या. दोन उरल्या तर तिला दिवसभर चुटपुट.

एवढ्या बाईचं नाव गावातल्या कोणत्याही कागदावर पहिलं नव्हतं. शेत नवऱ्याच्या नावानं, घर सासऱ्याच्या नावानं, आणि तिला याचं काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते एका शालीमुळं.

चिचटोल्यात मजुरांची एक जुनी सहकारी संस्था आहे. नहराची सफाई, तलावाचा गाळ, रस्त्याच्या कडेची झुडपं असली कामं ती घेते. सभासद सगळे पुरुष. कामावर सगळ्या बाया. अध्यक्ष केवळराम, पंचवीस वर्षांपासून. माणूस वाईट नव्हे, अडीनडीला धावून येणारा. पण खुर्चीला इतका चिकटलेला की उठला तर खुर्चीही सोबत उठेल असं लोक म्हणायचे. संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून गेल्या हिवाळ्यात मोठा कार्यक्रम झाला. मंडप पडला, माईक आला, आणि “उत्कृष्ट श्रमिक” म्हणून शाल-श्रीफळासाठी पहिलं नाव पुकारलं गेलं ते पवनीवालीच्या नवऱ्याचं.

नवरा म्हणजे इश्वर. साधा, गरीब गाय. त्याच्या गुडघ्यानं नऊ वर्षांपूर्वीच हात टेकले होते आणि तेव्हापासून त्यानं फावडं हातात घेतलं नव्हतं. तो लंगडत स्टेजवर गेला, शाल घेतली, आणि मंडपामागं दोनशे माणसांचं जेवण रांधत बसलेल्या बायकोजवळ येऊन ती शाल तिच्या खांद्यावर टाकून म्हणाला, “हे तुहीच आहे वो. मले गरम होते.”

बाया खो खो हसल्या. पवनीवालीही हसली. पण भाजी ढवळता ढवळता तिच्या डोक्यात काहीतरी ढवळायला लागलं. चौथ्या दिवशी ती केवळरामच्या ओसरीवर गेली.

“भाऊजी, मले सभासद करा.”

“तुमच्या घरचा इश्वर आहे ना सभासद? एका घरी एक पुरे होते.”

“त्याचं नाव काढा, माहं टाका.”

“असं नाव काढता-टाकता येत नाई वहिनी. हे का वांग्याची भाजी आहे?”

“मंग आमी बायाच आमची संस्था काढतो.”

केवळराम इतका हसला की त्याला ठसका लागला. “एका गावात दोन संस्था? कोन काढू देते तुमाले?”

हे “कोन काढू देते” पवनीवालीनं घरी आणलं आणि सुनेसमोर ठेवलं. सून रुपा बी.ए. झालेली, सरकारी नोकरीच्या परीक्षा तीनदा देऊन तिन्ही वेळा थोडक्यात हुकलेली. पुस्तकं मात्र तिनं रद्दीत घातली नव्हती. एक जाडजूड पुस्तक तर स्वयंपाकघरात तिखटाच्या डब्याशेजारीच असायचं. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि एका हातानं पानं उलटली.

“आई, हे ऐका. सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती. संघटना काढायचा हक्क घटनेत पयल्यापासून होता. दोन हजार बारापासून त्याच ओळीत ‘सहकारी संस्था’ हे शब्द घातले. संस्था काढनं हा नागरिकाचा मूलभूत हक्क झाला. कोनी काढू देत नसते, आपन काढतो.”

“घटनेले बी दुरुस्ती करा लागते काय वो?”

“शंभराच्या वर झाल्या आतापर्यंत.”

पवनीवालीला यात नवल वाटलं नाही. धुरा दरवर्षी नीट करावा लागतोच. नाही केला तर पाणी ज्याच्या बांधीत थांबायला पाहिजे त्याच्या बांधीत थांबत नाही. तिनं पुढचं विचारलं, “नागरिक म्हन्जे बाया बी आल्या?”

“आल्या ना!”

“पोळी जळून राहिली तुही,” पवनीवाली म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

रुपानं सहकार खात्याच्या कार्यालयात विचारून आणलं: दहा जणी पाहिजेत, आणि दहाही वेगवेगळ्या घरच्या. टोळीत बावीस होत्या, पण जावा-जावा, सासू-सुना वगळल्या की घरं उरली नऊ. रुपा सासूच्याच घरची, म्हणून ती मोजणीतच नाही. दहावं घर काही सापडेना. आणि एका दुपारी हातपंपावर पाण्याचा गुंड भरता भरता शेजारची बाई हळूच म्हणाली, “माहं नाव लिव.”

पवनीवालीच्या हातातला पंपाचा दांडा वरच राहिला. ती बाई होती अड्याळवाली. म्हणजे रुखमिणी. म्हणजे केवळरामची बायको.

“घरी इचारलं काय?”

“घरी इचारून कोनी हातपंपावर सांगते काय?” ती म्हणाली, आणि गुंड डोक्यावर घेऊन चालू लागली. सही केली, आधार कार्डाची झेरॉक्स दिली, आणि पुन्हा त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. अर्ज गेला.

आता फक्त चौकशी उरली होती. साहेब गावात येणार, दहा जणी खऱ्या आहेत ना हे डोळ्यांनी बघणार, अहवाल लिहिणार. एक जरी कमी पडली तर अर्ज परत, आणि पवनीवालीला ठाऊक होतं की एकदा परत आलेल्या अर्जावर या बाया दुसऱ्यांदा सह्या करणार नाहीत. घरोघरी नवरे म्हणतील, झालं ना तोंड काळं? बसा आता. त्यामुळं ती रोज रुपाला विचारायची, “आला काय फोन?”

फोन आला होता, पण केवळरामला. गावातला ओळखीचा नंबर म्हणून साहेबांनी त्यालाच विचारलं, बाया घरी कधी सापडतील? केवळरामनं मधाळ आवाजात तारीख सांगितली. त्या दिवशी त्याच्याच मोठ्या बांधीत रोवण्याचा शेवटचा दिवस होता. टोळीतली एकही बाई घरी नसणार हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दिवसाची मजा काही औरच असते. त्या दिवशी मालकाला बांधीवर यावंच लागतं. बाया त्याच्या गालाला चिखल फासतात आणि तोंड गोड केल्याशिवाय त्याला धुऱ्यावरून हलू देत नाहीत. मालक सापडला नाही तर जावई चालतो, भाचा चालतो, पाहुणा तर फारच चालतो. एकदा दिघोरीहून सासुरवाडीला निघालेला एक नवरदेव चुकून रस्ता विचारायला थांबला, आणि सासूनं त्याला ओळखायलाच नकार दिला.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता बाभळीच्या फांदीला प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला पवनीवालीचा फोन वाजला. रुपा होती.

“आई, साहेब आले! केवळरामकाका त्याईले घरोघरचं कुलूप दाखवून राहिले!”

पवनीवालीनं बांधीकडं बघितलं. सत्तर पेंढ्या उरलेल्या. उपटलेले पऱ्हे तसेच टाकून कोणी जात नसतं. मग तिनं बांधी कोणाची आहे ते आठवलं, आणि सगळा हिशेब तिच्या ध्यानात आला.

“पाय माय, केवढा हुशार मानूस!” ती स्वतःशीच म्हणाली. “रुपा, आमी नाई येत. तू त्याईले अठी आन.”

“काका म्हन्ते, रस्ता चिखलाचा आहे, ‘हजर नाई’ असं लिवून टाका.”

“साहेबाले इचार, कामावरचा मानूस कोठी हजर असते? घरी का कामावर?”

अर्ध्या तासानं धुऱ्यावर तिघं दिसले. पुढं रुपा, मागं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन, पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण माणूस, आणि त्याच्या मागं केवळराम. तरुण म्हणजे नीलेशसाहेब, विणकराच्या घरचा, शहरात वाढलेला. मागाचे दोरे त्याला ओळखू येत, धुऱ्यावर पाय कुठं ठेवायचा ते मात्र येत नव्हतं. तो दोन्ही हात पसरून तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा येत होता.

साकोलीवालीनं मान वर केली. साकोलीवाली म्हणजे टोळीतली सगळ्यात दांडगी आणि सगळ्यात चेष्टेखोर बाई. शेवटचा दिवस, मालकाचा धुरा, पांढरा सदरा. तिला दुसरं काही दिसलंच नाही.

“बाया वो! केवळरामचा पाहुणा आला!”

“अवो थांब, ते साहेब...” पवनीवाली ओरडली. तिचा तो पारेपारेवर जाणारा आवाज नेमका त्याच दिवशी उशिरा निघाला. साकोलीवालीच्या पाच बोटांचा ठसा साहेबाच्या गालावर उमटला होता. दुसरीनं कपाळावर टिळा लावला होता. तिसरीनं सदऱ्यावर.

चौथीचा उचललेला हात तसाच मागं आला.

“साहेब,” पवनीवाली चिखलातूनच म्हणाली, “हे मारनं नोहे, हे मान आहे. मालकाले देतो आमी.”

साहेबानं गाल चाचपला. “मान दुसऱ्या गालावर बाकी आहे का?”

बाया अशा हसल्या की दोन बगळे उडाले. केवळराम मात्र हसला नाही. त्यानं संधी साधली.

“साहेब, पाहिलंत ना? असल्या बाया का संस्था चालवतीन? अन् गावात एक संस्था असताना दुसरी पाहिजेच कायले? ते हक्क-बिक्क म्हन्तात, ते घटनादुरुस्ती तर सुप्रीम कोर्टानं उडवली! मी पेपरात वाचलं.”

पवनीवालीनं हातातली पेंढी खाली ठेवली. तिनं रुपाकडं बघितलं.

“काका, पेपर अर्धाच वाचला तुमी,” रुपा म्हणाली. “राज्यातल्या संस्था चालवायच्या कशा, त्याचा जो भाग होता तो कोर्टानं काढला. एकोणिसाव्या कलमातले ते शब्द जागीच आहेत.”

“मंग झालं तर!” पवनीवालीला एकदम हुरूप आला. “एका कोपऱ्यातले पऱ्हे सडले म्हनून अख्खी बांधी मोडते काय कोनी?”

“सूनबाई बरोबर सांगतात,” साहेब धुऱ्यावर बसत म्हणाला. “हक्क आहेच. पण दहा जणी दहा घरच्या, हे मला बघावंच लागेल. पुकारतो. हजर म्हणा.”

त्यानं पिशवीतून यादी काढली. त्याच्या बोटांचा चिखल यादीला लागला, तो पुसायला गेला तर आणखी पसरला. बायांची स्वतःची नावं तेवढी वर राहिली, पुढचं नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं चिखलाखाली.

“सत्यभामा?”

“हजर!”

“सुंदर?”

कोणीच बोललं नाही.

“सुंदर? सुंदरबाई?”

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. जिच्या हाताचा ठसा साहेबाच्या गालावर अजून ओला होता, ती साकोलीवाली कमरेवर हात ठेवून चौफेर बघत होती, की ही सुंदर कोण आणि आली कशी नाही. साहेबानं यादीवर फुली मारली.

“शेवंता?” कोणी नाही. फुली. “देवका?” कोणी नाही. फुली. दहापैकी सहा फुल्या झाल्या. केवळरामचा चेहरा फुलत चालला.

“खोटी नावं साहेब! अशा बायाच नाईत गावात!”

पवनीवालीला आधी काही कळेना. समोर तर सगळ्या उभ्या आहेत! मग तिला मासळवालीचा तो न लागलेला नंबर आठवला, आणि तिनं चिखलाचा हात कपाळावर मारून घेतला.

“अवो साकोलीवाली! सुंदरबाई म्हन्जे तूच ना वो! सही कोनाची केली होतीस?”

साकोलीवालीनं तोंडावर हात ठेवला. “अव माय! मीच तर हाओ!” आणि मग साऱ्या शिवारात ऐकू जाईल असं ती ओरडली, “सुंदरबाई, हजर!”

“मासळवाली, तुहं सांग!”

“शेवंता. हजर जी.”

एकेक बाई बोलत गेली. कोणी लाजत, कोणी पदर तोंडाशी धरून, कोणी चार वेळा मनात घोकून. एकीनं हजर म्हणताना शाळेतल्यासारखा हात वर केला आणि तो खाली घ्यायलाच विसरली. साहेब फुल्या खोडत गेला. नऊ झाल्या.

“शेवटचं. रुखमिणी. पुढचं चिखलात गेलं, वाचता येत नाही.”

अड्याळवाली धुऱ्याच्या टोकाला उभी होती. तोंड गोड करायला आणलेला गुळाचा गंज, म्हणजे पातेलं, तिच्या डोक्यावर होता, आणि नवरा तिच्यापासून दोन हातांवर. तिनं नजर खाली घातली.

पवनीवालीच्या ओठावर हाक आली, आणि तिनं ती गिळली. सुंदरबाई विसरली होती, तिला आठवण करून देणं वेगळं. ही विसरलेली नव्हती. हिचं नाव हिनंच घ्यायचं का नाही, हे हिचंच. मग संस्था व्हायची राहिली तरी राहिली. पवनीवाली चिखलात उभी राहून स्वतःच्या पायाकडं बघत राहिली.

“रुखमिणी?” साहेब दुसऱ्यांदा म्हणाला.

“नाईच साहेब,” केवळराम म्हणाला. “पन्नास वर्सं या गावात काढली मी. रुखमिणी नावाची बाई चिचटोल्यात नाई. पाहिली नाई, ऐकली नाई.”

“नाई काय?” धुऱ्याच्या टोकावरून आवाज आला.

अड्याळवालीनं गंज खाली ठेवला, पदर खोचला.

“तीस वर्सं तुमाले रांधून कोन घालून राहिली? लग्नाच्या पत्रिकेत नाव वाचलं होतं ना, का ते बी अर्धंच वाचलं?” ती साहेबाकडं वळली. “रुखमिणी. हजर आहे मी.”

केवळरामचं तोंड उघडं पडलं ते उघडंच. आपल्या बायकोला नाव आहे ही गोष्ट त्याला कळत होती, पण ते हे आहे, हे जागेवर बसायला वेळ लागत होता. मग त्याला अध्यक्षपद आठवलं.

“साहेब, मी परवानगी नाई देत. नवऱ्याच्या परवानगीशिवाय कसं चालन?”

साहेबानं अर्ज उलटसुलट करून नीट पाहिला. “नवऱ्याच्या परवानगीचा रकानाच नाही यात. कुठं लिहू?”

साकोलीवाली हसता हसता चिखलात खाली बसली. रुखमिणी मात्र धुऱ्यावरून बांधीत उतरली, वाकली, ओंजळभर चिखल घेतला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. शेवटचा दिवस होता आणि मालकाचा मान अजून व्हायचाच होता. तिनं तो दोन्ही गालांवर अगदी निगुतीनं केला. केवळराम हलला नाही. आणि चिखलाआडून का होईना, तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

“गूळ वाटा आता,” तो म्हणाला. “चिखल तर खाल्लाच मी.”

अहवाल धुऱ्यावरच लिहिला गेला. ज्यांना सही येत नव्हती त्यांच्या अंगठ्यासाठी साहेबानं शाईची डबी काढली, पण अंगठ्यांवर शाई धरेना. मग पाण्यानं धुऊन, साहेबाच्याच रुमालाला पुसून एकेक ठसा घेतला. बांधी दिवस बुडायच्या आत रोवून झाली. दोन पेंढ्या उरल्या, पण त्या दिवशी पवनीवालीला चुटपुट लागली नाही.

निघताना केवळराम धुऱ्यावर घुटमळला. दोनदा खाकरला. मग इकडंतिकडं बघत, जड जिभेनं, त्यानं हाक मारली, “रुखमिणी... चाल घरी.”

“हजर!” ती सवयीनं म्हणाली, आणि सगळ्या बाया पुन्हा हसत सुटल्या.

प्रमाणपत्र दिवाळीनंतर आलं. त्यावर संस्थेचं नाव होतं, सोबत सभासदांची यादी. इश्वरनं बाजेवर ती शाल अंथरून बायकोला तिच्यावर बसवलं, कारण अशा वेळी खाली बसायचं नसतं असं त्याचं म्हणणं. पवनीवालीनं यादी हातात घेतली आणि चौथीतल्या पहिल्या नंबराला शोभेल असं, बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं. पहिलं नाव: सत्यभामा. दोनदा वाचलं. मग तिची भुवई चढली.

“रुपा, याच्यात ‘पवनीवाली’ कोठीच नाई लिवलं वो?”

“कायले लिवतीन आई?”

“मंग लोकाईले समजन कसं, हे कोन आहे म्हनून?”

रुपा काही बोलणार, तेवढ्यात दारासमोरून कोणीतरी जोरात हाक मारली, “सत्यभामाबाई! आवो सत्यभामाबाई, मीटिंगले चालता काय?” साकोलीवाली होती. गेले तीन महिने ती गावभर सगळ्यांना नावानंच हाका मारत सुटली होती, आणि बोलावलेली बाई वळली नाही तर तिच्या पाठीत धपाटा घालत होती.

पवनीवाली बाजेवर बसूनच राहिली, यादीकडं बघत.

“आई,” रुपा म्हणाली, “तुमालेच बलावून राहिली.”

“अव हो की!” म्हणून ती उठली, आणि धपाट्याच्या आत दारात पोचली.